अनाहूत पत्रें व त्यांचा बंदोबस्त

गेल्या वर्षीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आम्हांस एकवीस दिवस उशिरा मिळालें. पत्र ई-मेलनें आलेलें होतें. म्हणजे वाटेंत त्यास निमिषभरही लागलें नव्हतें. शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडण्याकरितां त्यास आमचें शिफारसपत्र हवें होतें. परंतु लॉटरी लागल्याचीं व औषधें खपविणारांचीं जीं पत्रें संगणक आपण होऊन बाजूस काढून ठेवितो, त्यांच्या ढिगांत तें जाऊन पडलें. आमच्या दृष्टीस पडलें तेव्हां अर्जाची मुदत टळून गेली होती. त्या मुलानें आम्हांस बोल लाविला नाहीं. आम्हींच तो स्वतःस लावून घेतला आहे, आणि हा लेख लिहिण्याचें कारणही तेंच.

अशा अनाहूत पत्रांस इंग्रजींत ‘स्पॅम’ म्हणतात. हें मूळ डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन मालाचें नांव. तो माल १९३७ सालीं बाजारांत आला. पुढें १९७० सालीं ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळीनें दूरचित्रवाणीवर एक प्रहसन केलें. त्यांतील खाणावळींत जवळजवळ प्रत्येक पदार्थांत हें मांस घातलेलें असतें, आणि शेजारीं बसलेले लोक त्याच नांवाचा असा घोष करितात कीं इतरांस एकमेकांचें बोलणें ऐकूं येईनासें होतें. या उपद्रवाचा गाभा हाच असल्यामुळें तें नांव त्यास कायमचें चिकटलें.

मे १९७८ मध्यें अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्क नामक विक्री-अधिकाऱ्यानें, आमचे नवे संगणक पाहावयास या, असें निमंत्रण आर्पानेट या जाळ्यावरील सुमारें ४०० जणांस एकदम धाडलें. पत्ते इतके झाले कीं त्यांतील कांहीं ओघळून मजकुरांत उतरले. थर्कला समज मिळाली. पण गिऱ्हाइकेंही मिळालीं, असें त्याचें म्हणणें. मर्म येथेंच आहे. पोस्टानें जाहिरात पाठविणारास प्रत्येक पाकिटामागें कागद, छपाई व तिकीट यांचा भुर्दंड पडतो, म्हणून तो विचार करून पाठवितो. ई-मेलनें दहा पत्रें धाडलीं काय आणि दहा लाख धाडलीं काय, पाठविणाराचा खर्च जवळजवळ सारखाच. वेळ आणि मनस्ताप मात्र घेणाराच्या पदरीं. लाखांतून एक जण जरी फसला तरी पाठविणाराचें साधतें.

दुसरें प्रसिद्ध उदाहरण १२ एप्रिल १९९४ चें. त्या काळीं यूझनेट या जाळ्यावर विषयवार चर्चेचीं हजारों मंडळें होतीं. कोणीही लिहावें, कोणीही वाचावें, अशी मोकळीक. फिनिक्स शहरांतील कँटर व सीगेल या वकील दांपत्यानें अमेरिकेंत स्थायिक होण्याच्या परवान्याच्या सोडतीसंबंधीं आपली जाहिरात पांच हजारांहून अधिक मंडळांत एकदम टाकिली. मंडळाचा विषय कोणता, हें पाहिलें देखील नाहीं. लोक इतके खवळले कीं त्यांनीं निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. तो संतापाचा लोंढा त्या दांपत्यास सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रास पेलेना व तें वारंवार बंद पडलें. परंतु त्याच यंत्रावर इतर निरपराध गिऱ्हाइकेंही अवलंबून होतीं! चिखलफेकीस चिखलानें उत्तर दिलें तर शेजाऱ्याची भिंत आधीं खराब होते, हें आमच्या वर्गांतील मुलांस आम्हीं वेगळें सांगावयास नको.

आतां त्या चाळणीविषयीं, जिच्यांत आमचें पत्र अडकलें. टॉमस बेझ हे इंग्लंडांतील एक पाळक. गणिताचे मोठे व्यासंगी. ते १७६१ सालीं वारले. त्यांच्या कागदांत सांपडलेला संभवनीयतेवरील निबंध त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनीं १७६३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविला. त्या तत्त्वाची पत्रें चाळण्यासाठीं योजना करण्याची पद्धत पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ सालच्या लेखानें विशेष लोकप्रिय झाली. समजा, शंभर नकोशा पत्रांपैकीं चाळिसांत ‘लॉटरी’ हा शब्द आहे, आणि शंभर खऱ्या पत्रांपैकीं एकांतच आहे. मग हा शब्द असलेलीं एकूण पत्रें एकेचाळीस, त्यांपैकीं चाळीस नकोशीं. दोन्ही प्रकारचीं पत्रें सारख्याच संख्येनें येत असतील, तर असा शब्द असलेलें नवें पत्र नकोसें असण्याचा संभव शेंकडा सत्त्याण्णवांहून अधिक. याप्रमाणें प्रत्येक शब्दाची साक्ष घेऊन यंत्र निकाल देतें. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांतील शब्द पाहा: ‘रक्कम’, ‘तातडीनें’, ‘शेवटची तारीख’, ‘कृपया खालील दुव्यावर’. हे सारे शब्द ठकांच्या नित्य वापरांतले! नांव अनोळखी नसतें तर कदाचित् निभावलें असतें. पण त्यानें नवा पत्ता घेतला होता. यंत्रानें चूक केली, तथापि ती उमजण्यासारखी चूक होती. यास्तव त्या ढिगावर अधूनमधून नजर टाकावी आणि चुकून गेलेल्या पत्रास ‘हें नकोसें नव्हे’ अशी खूण करावी. त्या खुणेवरून यंत्र पुढें शहाणें होतें.

शिवीगाळ करणाराचें प्रकरण निराळें. त्याचें पत्र एकच असतें, त्यास आपलें नांव ठाऊक असतें, आणि एकही अपशब्द न वापरितां तो विखार ओतूं शकतो. येथें चाळणी फारशी कामास येत नाहीं, माणूसच लागतो. यूझनेटवर कांहीं मंडळांनीं प्रत्येक पत्र आधीं वाचून मग पुढें धाडणारा नियामक नेमिला होता. इतर ठिकाणीं वाचकच आपापली यादी ठेवीत. त्या यादींत नांव घातलें कीं त्या गृहस्थाचें लेखन त्या वाचकापुरतें दिसेनासें होई. इतरांनीं वाचावयाचें तर खुशाल वाचावें. नांव घालतांना ‘प्लॉंक’ असा शब्द लिहिण्याची चाल होती; कांहींतरी तळाशीं जाऊन आदळल्याचा तो आवाज. आम्हांस ही युक्ति फार आवडते. तींत कोणाचें तोंड बांधलेलें नाहीं, आणि भांडखोरास हवी असलेली वादाची मौजही मिळत नाहीं.

कायद्यानें तोंड बांधावयास जावें तर काय होतें, तें आपल्याच राज्यांत दिसून आलें. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमान्वयें नुसता त्रास वा गैरसोय होईल असा संदेश धाडणें हाही गुन्हा ठरूं शके. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें, मुंबई बंद कां, असा प्रश्न फेसबुकवर करणाऱ्या एका तरुणीस व त्यास पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम संदिग्ध व अतिव्यापक म्हणून रद्द केलें. धमकी देणें व फसविणें हे मात्र आजही गुन्हेच आहेत. असा संदेश आल्यास मुलांनीं तो पुसून टाकूं नये. वडील माणसांस तसाच दाखवावा. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावितां कळवावें, आणि दूरध्वनीवरील जाहिरातींचा जाच बंद करावयाचा तर १९०९ वर नोंद करावी.

आम्ही आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तो ढीग उपसतों. बहुधा त्यांत कांहीं नसतें. त्या विद्यार्थ्यानें यंदा पुन्हा अर्ज केला आहे. त्याचें पत्र या खेपेस सरळ आलें, आणि शिफारसपत्र आम्हीं त्याच सायंकाळीं धाडलें.