वेदनेचे द्वार आणि मनाचा पहारा

कंबरदुखीने वर्षानुवर्षे गांजलेला रुग्ण तपासण्यांचे भेंडोळे घेऊन येतो. क्ष-किरण चित्रात विशेष दोष नसतो. ‘तुम्हाला काही झालेले नाही, सारे मनाचे खेळ आहेत,’ एवढे ऐकून तो परततो आणि पुढच्या चिकित्सकाचा पत्ता शोधू लागतो. हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा रुग्णाची वेदना खरी असते, हे शास्त्राच्या आधारे मांडणाऱ्यांत कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डॉ. रोनाल्ड मेलझॅक (१९२९-२०१९) यांचे स्थान अग्रभागी आहे.

मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात शिकत असताना त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. बाह्य जगापासून अलग वाढवलेली कुत्री जळत्या काडीला नाक लावीत आणि तरीही तिच्यापासून दूर होत नसत. वेदनेला दिला जाणारा प्रतिसाद पूर्वानुभवावरही अवलंबून असतो, हा बोध त्यातून झाला. पुढे १९६५ मध्ये पॅट्रिक वॉल यांच्यासह त्यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनासंदेशांना जणू एक द्वार असते; स्पर्शाच्या संवेदना ते लोटू शकतात आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञाही त्यावर पहारा ठेवतात. सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण हे मूळ सूत्र टिकून राहिले. ठेच लागताच आपण ती जागा चोळतो, त्याचा अर्थही येथे उलगडतो.

१९७५ मध्ये त्यांनी वेदनेची प्रश्नावली सिद्ध केली. तीत ७८ शब्द २० गटांत विभागले असून वेदनेचे स्वरूप, तिने मनाला होणारा क्लेश आणि तिची एकूण तीव्रता यांची नोंद होते. हे वाचताना आम्हाला सुश्रुताचार्यांचे स्मरण झाले. वातज व्रणाच्या वेदना सांगताना त्यांनी तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन, चुमुचुमायन असे सूक्ष्म भेद केले आहेत. आपले रुग्णही ठणका, कळ, शिणक, चमक, ठसठस, मुंग्या हे शब्द सहजी वापरतात. केसपेपरवर मात्र आपण ‘वेदना +’ एवढेच लिहितो!

अवयव कापल्यावरही त्या जागी वेदना का जाणवते, या प्रश्नातून मेलझॅक यांनी पुढे मेंदूतील व्यापक जाळ्याची कल्पना मांडली. या मांडणीत ताणाला मोठे स्थान आहे. दुखापत हाही शरीरावरील ताणच होय. तो दीर्घकाळ राहिला, तर कॉर्टिसॉलसारख्या स्रावांमुळे स्नायू व अस्थींची झीज होऊन जुनाट वेदनेला भूमी तयार होऊ शकते, असे त्यांनी प्रतिपादिले. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादाला अग्रस्थान दिले आणि त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयाचा समावेश केला, हे येथे आठवावे. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा भिन्न आहेत. त्यांना बळेच एकरूप ठरविण्याचे कारण नाही.

औषधविक्रेत्या बंधूंशीही या विषयाचा निकटचा संबंध आहे. ‘तीन दिवसांत गुण’ देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. हे द्रव्य कॉर्टिसॉलच्याच कुळातले. दीर्घकाळ पोटात गेल्यास अस्थी व स्नायू दुर्बल करणारे. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून असा रुग्ण आढळल्यास पुडी नुसती हिसकावून न घेता त्याला त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. दर आठवड्याला वेदनाशामक नेणाऱ्या ग्राहकाचीही आपुलकीने चौकशी करावी.

ताणाचे निदान घाईने करू नये. ज्वर, अकारण वजन घटणे, पायातील बळ जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे ही लक्षणे असतील, तर प्रथम पूर्ण तपासणी हवी. ती झाल्यावर स्नेहन-स्वेदनाच्या जोडीने रुग्णाची झोप, घरची काळजी, कामाचा बोजा यांची विचारपूस व्हावी. तिला दहा मिनिटे अधिक लागतील. परंतु ‘वैद्यांनी माझे दुखणे खरे मानले’ हा विश्वास घेऊन रुग्ण घरी जाईल, आणि पुढील चिकित्सा त्या विश्वासावरच उभी राहील.