दौऱ्यातला चौथा शनिवार

बँकेच्या अंतर्गत तपासणीचं काम म्हणजे महिन्यातले पंधरा-वीस दिवस परगावी. सकाळी दहाला शाखेत जायचं, कर्जाच्या फायली उपसायच्या आणि अंधार पडल्यावर लॉजवर परतायचं. सप्टेंबर 2015पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली, तेव्हा या दौऱ्यांना सलग दोन मोकळे दिवस मिळू लागले. जळगावहून पुण्याला घरी जाऊन यायचं तर दोन रात्री प्रवासातच जातात. म्हणून मी तिथेच राहू लागलो, आणि खानदेश मला कळला तो या शनिवार-रविवारांत.

पहिल्या दौऱ्यात मात्र बारा दिवस मी लॉजखालच्या हॉटेलात पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी खात होतो. शेवटच्या दुपारी शाखेतल्या शिपाईमामांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं शेंगदाणा तेल. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. भाकरी काळपट दिसते, हाताला जड लागते आणि नुसती खाल्ली तरी चव देते. ‘‘साहेब, आधी विचारायचं ना,’’ मामा म्हणाले. तेव्हापासून नव्या गावी पहिल्याच दिवशी मी डब्याची चौकशी करतो. हमरस्त्यावरच्या मेन्यूकार्डात जिल्हा सापडत नाही. तो शाखेतल्या डब्यांत सापडतो.

भरिताचं गाव कोणतं, हेही मामांनीच सांगितलं: यावल तालुक्यातलं बामणोद. भुसावळ सोडून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात, आणि थंडीत मध्ये मध्ये वांग्यांचे मळे दिसतात. ही वांगी जांभळी नसतात. फिकट हिरवी, लांबट, चांगली वजनदार, आत गर भरपूर आणि बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी.

भाजणं हा यातला खरा भाग. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवतात आणि वांगी त्यातच टाकतात. बारीक काड्यांचा जाळ झपाट्याने उठतो आणि वांग्याला चारी बाजूंनी लपेटतो. साल कोळशासारखी होते, आत गर शिजून धुराचा वास धरतो. गॅसच्या शेगडीवर आच एकाच जागी लागते, म्हणून घरी कितीही मन लावून केलं तरी ते भरीत होत नाही. साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचतात, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात आणि वर भरपूर कोथिंबीर. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, मुळा आणि कच्चा कांदा. शेतात दहा-वीस माणसं जमवून केलेल्या या जेवणाला तिकडे भरीत पार्टी म्हणतात, आणि हिवाळ्यात एकही रविवार तिच्याशिवाय जात नाही.

इथे एक गोष्ट आमच्या पेशातल्या लोकांसाठी. ज्याच्या कर्जाची फाईल आपल्या टेबलावर आहे, त्याच्या मळ्यात भरीत खायला बसू नये, कितीही प्रेमाने बोलावलं तरी. जळगावात हंगामात किलोवर भरीत विकणारी केंद्रं आहेत. तिथून स्वतःच्या पैशाने घ्यावं आणि सुखाने खावं.

बामणोदच्याच रस्त्याला पुढे फैजपूर आहे. डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. केळीच्या गाड्या भरताना पाहत तिथे उभं राहिलं की त्या निवडीचं मोल अधिक जाणवतं.

दुसरा रस्ता चाळीसगावचा. तिथून सुमारे अठरा किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरांत पाटणादेवी आहे. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी इथे मठ स्थापला, असं सांगणारा शिलालेखही इथलाच. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवे असताना जावं. परतताना चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन बघावं. आयुष्याची कितीतरी वर्षं घराबाहेर न पडता या माणसाने छायाचित्रं काढली. मी तासाभरासाठी आत गेलो आणि बंद होईपर्यंत थांबलो.

याच भागात एका लग्नाच्या पंगतीत मला वरण-बट्टी मिळाली. गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मका घालून गोळे वाफवतात, कापतात आणि तळतात. मग ताटात कुस्करून वर तुरीचं वरण, तूप आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. शेवभाजी आता मुंबई-पुण्यातही मिळते, तिच्याबद्दल एवढंच सांगतो: शेव ताटात येताना रश्श्यात पडली पाहिजे. आधीच घालून ठेवलेली असेल तर तिचा लगदा होतो.

मांडे, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, मात्र खावेत वैशाखातच. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि घरोघर आमरसाबरोबर मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर पालथं असतं. बाई सैल कणकेची पुरण भरलेली पोळी लाटत नाही. दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवते आणि एका झटक्यात खापरावर पसरते. पोळी रुमालाएवढी पातळ होते, तरी फाटत नाही. एका सहकाऱ्याच्या आईने मला हे तीनदा करून दाखवलं. माझी पहिली पोळी चुलीत गेली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या भाऊ, आमची सून पाच वर्षांनी शिकली.’’

जायचं असेल तर चंपाषष्ठीनंतर जा. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्याला चढतं आणि पुढे संक्रांत उलटेपर्यंत भरिताचा हंगाम चांगला चालतो. जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा शनिवार अजिंठ्याला द्या आणि रविवार भरिताला राखून ठेवा.