डाळिंबाचा एक दाणा

लेक नोकरीसाठी अथेन्सला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती नोव्हेंबरात. अ‍ॅक्रोपोलिस झालं, म्युझियमं झाली, मग मी म्हटलं, "मला एल्युसिसला जायचंय." ती हसलीच. "अगं आई, तिथे तेलाचे कारखाने आहेत नि गंजलेली जहाजं. काय बघणार तू?"

खोटं नव्हतं ते. अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव, आता एलेफ्सिना म्हणतात. बसच्या खिडकीतून टाक्या नि धुराडी दिसत होती. पण याच वाटेने जवळपास हजार वर्षं, दर शरद ऋतूत हजारो माणसं चालत जायची. आपल्या भाषेत सांगायचं तर वारीच. आणि ती कुणा योद्ध्या देवासाठी नव्हती. मुलगी हरवलेल्या एका आईसाठी होती.

डिमिटर ही ग्रीकांची धान्याची देवी. तिची मुलगी पर्सिफनी रानात फुलं वेचत होती. जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडिस तिला रथात घालून घेऊन गेला. यातली मेख अशी, की मुलीच्या बापाने, म्हणजे झ्यूसने, हे लग्न परस्पर ठरवलं होतं. ना आईला विचारलं, ना मुलीला. त्या काळी अथेन्समधल्या मुलींची लग्नं चौदा-पंधराव्या वर्षी बापाच्याच शब्दावर होत. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना बायकांच्या मनात काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

डिमिटर हातात मशाली घेऊन नऊ दिवस हिंडली. अन्न नाही, अंघोळ नाही. खरं कळल्यावर तिने देवांची संगत सोडली नि म्हातारीच्या वेषात एल्युसिसच्या विहिरीपाशी येऊन बसली. पाणी भरायला आलेल्या राजाच्या मुलींनी तिला घरी नेलं. तिथेही ती गप्पच. शेवटी यांबी नावाच्या एका दासीने चेष्टामस्करी करून तिला हसवलं, तेव्हा कुठे तिने सातू, पाणी नि पुदिन्याचं पेय तोंडाला लावलं. दुःखात बुडालेल्या बाईला देव नाही, घरातली कामवालीच हसवते, हे मला फार खरं वाटतं.

मग मात्र डिमिटरने हत्यार उपसलं. एकही दाणा उगवू दिला नाही. माणसं उपाशी, देवांचे नैवेद्य बंद. झ्यूसला नमावं लागलं. मुलगी परत आली, पण तोवर हेडिसने तिला डाळिंबाचा एक दाणा भरवला होता. पाताळातलं अन्न पोटात गेलं की तिथलं नातं तुटत नाही. म्हणून वर्षातला एक तृतीयांश काळ ती तिथे, उरलेला आईपाशी. ती आली की पृथ्वीवर फुलं येतात.

या मायलेकींच्या नावाने एल्युसिसला गुप्त दीक्षा दिली जाई. अट दोनच: ग्रीक भाषा यावी आणि हाताला खुनाचं रक्त नसावं. बायकांना प्रवेश, गुलामांनाही. पुढे रोमन आले. सिसेरोने दीक्षा घेतली, हेड्रियन नि मार्कस ऑरेलियस या सम्राटांनीही घेतली. समुद्रस्नान, उपास, मग ती चाल, आणि शेवटी हजारो माणसं मावतील अशा सभागृहात रात्री काहीतरी दाखवलं जाई. काय? फोडणाऱ्याला देहदंड होता. इतक्या शतकांत इतक्या लोकांनी पाहिलं, पण ते गुपित गुपितच राहिलं. एवढंच कळतं, की तिथून परतलेल्याला मरणाची भीती कमी वाटे.

सेंट पॉल इसवी सन ५०च्या सुमारास अथेन्सला आला, तेव्हाही ही चाल दरवर्षी निघत होती. पुढची तीनशेहून जास्त वर्षं नवा धर्म आणि ही जुनी आई एकमेकांशेजारी नांदले. शेजार गोडीगुलाबीचा होता असं नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने या दीक्षेची भरपूर टवाळी केली आहे. अखेर ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांची पूजाच बंद केली, आणि चारच वर्षांत अ‍ॅलरिकच्या गॉथ सैन्याची धाड आली.

संपलं? इतिहासाच्या पुस्तकात संपलं. पण १८०१ मध्ये क्लार्क नावाचा इंग्रज तिथे पोचला, तेव्हा गावकरी एका भंगलेल्या दगडी मूर्तीभोवती शेणखत रचून तिला मानत होते. ती आहे म्हणून शेतं पिकतात, अशी श्रद्धा. गावाने विरोध केला तरी क्लार्कने सरकारी परवाना मिळवून ती नेलीच. मूर्ती आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे ती डिमिटर नव्हेच. डोक्यावर पवित्र पेटी घेतलेली एक सेविका, दरवाजाच्या खांबाजागी उभी केलेली. गावाला त्याचं काय! चौदाशे वर्षं देऊळ नव्हतं, पुजारी नव्हता, तरी बाई हवीच होती.

आम्ही गेलो तो दिवस होता २० नोव्हेंबर. अवशेषांच्या वरच्या टेकडीवर मेरीचं छोटंसं चर्च आहे. तिथल्या मेरीला 'अर्ध्या पेरणीची माता' म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिचा सण, म्हणून आदल्या संध्याकाळी बायका गहू, चणे, कडधान्यं उकडून भांडी भरभरून घेऊन आल्या होत्या. पाद्र्याचा आशीर्वाद झाला आणि वाटप सुरू झालं. काळा पोशाख केलेल्या एका आजींनी माझ्या ओंजळीत डावभर धान्य घातलं. त्यात लालचुटूक डाळिंबाचे दाणे होते.

मी लेकीकडे पाहिलं. दोन वर्षं मी फोनवर एकच विचारत होते, "परत कधी येतेस?" गोष्ट सांगून झाल्यावर मी म्हटलं, "बघ, शेवटी आईने मिळवलीच ना मुलगी."

ती दाणे चघळत होती. "आई, पण तिला कुठे राहायचंय, हे कुणी विचारलं का गं? बापाने नाही विचारलं, नवऱ्याने नाही... आणि आईनेही नाही."

मला उत्तर सुचलं नाही. त्या जुन्या स्तोत्रात एक बारीकशी जागा आहे. हेडिसने दाणा गुपचूप दिला, असं कवी सांगतो. पर्सिफनी आईला सांगते, बळजबरीने भरवला. मुली आईला सगळं जसंच्या तसं सांगत नाहीत, हे तेव्हाच्या बायकांनाही ठाऊक असणार.

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, "तुला इथे बरं वाटतं का गं?" दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते. ती बराच वेळ बोलत राहिली. खिडकीबाहेर अंधारात कारखान्यांचे दिवे लागले होते. मी ऐकत होते.