कोष्ठातील जीवाणू आणि संगणकाचा ताळेबंद

अलीकडे काही रुग्ण मलपरीक्षणाचा एक छापील अहवाल घेऊन वैद्यांकडे येऊ लागले आहेत. त्यात आतड्यांतील जीवाणूंची नावे, त्यांचे शेकडा प्रमाण आणि शेवटी ‘संगणकीय अनुमान’ म्हणून पथ्यापथ्याची यादी असते. हाच कागद पुढे औषधालयात जातो आणि त्यानुसार जीवाणूयुक्त कॅप्सूलची मागणी होते. या अनुमानाचे मूल्य किती, हे वैद्य व औषधविक्रेता या दोघांनाही सांगता आले पाहिजे. त्यासाठी ते कोणत्या रीतीने काढले जाते, याचा येथे विचार करू.

सहज कृमी आणि आजची गणना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगताना ‘सहज’ कृमी त्यांतून वगळले आहेत. हे सहज कृमी विकार उत्पन्न न करणारे होत, असे टीकाकार चक्रपाणी स्पष्ट करतात. शरीरात अपाय न करता राहणाऱ्या सूक्ष्म सहवासी जीवांची कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही, एवढे यावरून म्हणता येते. आजचे जीवाणू म्हणजेच ते सहज कृमी, असे समीकरण मांडण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही.

जीवाणूंची संख्या मानवी पेशींच्या दहापट असते, हे विधान अद्याप अनेक ठिकाणी आढळते. इस्रायलमधील वाइझमान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली केलेल्या गणनेनुसार ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी असतात. या सर्व जीवाणूंचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. त्यांतील बहुतांश बृहदांत्रात असतात.

ताळेबंदाची पद्धत

जीवाणूच्या जनुकांवरून तो कोणती विकरे बनवू शकतो आणि त्या विकरांवरून कोणत्या रासायनिक क्रिया घडवू शकतो, याची यादी तयार करता येते. एका जीवाणूच्या अशा शेकडो क्रिया असतात. संपूर्ण जनुकसंचावर आधारलेले असे पहिले प्रतिमान १९९९ साली हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूचे तयार झाले.

पुढचे काम औषधनिर्मितीशाळेच्या साठावहीसारखे आहे. जेवढा कच्चा माल आत येतो, तेवढ्याचा हिशेब तयार मालात व टाकाऊ पदार्थांत लागला पाहिजे. उदाहरणार्थ, बिफिडोबॅक्टेरियम हा जीवाणू ग्लुकोजच्या २ रेणूंपासून असिटेटचे ३ आणि लॅक्टेटचे २ रेणू बनवतो. आत आलेले कार्बनचे अणू १२. बाहेर पडलेले ६ अधिक ६, म्हणजे १२. हिशेब जुळला. मात्र शेकडो क्रियांचा हिशेब अनेक प्रकारे जुळू शकतो. त्यांपैकी एक निवडण्यासाठी ‘जीवाणू आपली वाढ जास्तीत जास्त करील’ असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे निरीक्षण नसून गृहीतक आहे, हे ध्यानात ठेवावे.

समुदायाचे प्रतिमान करताना एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचा आहार म्हणून जोडला जातो. वरील असिटेट व लॅक्टेट घेऊन दुसरे काही जीवाणू ब्युटिरेट बनवतात, आणि बृहदांत्राच्या अंतःस्तरातील पेशींना मुख्य इंधन या ब्युटिरेटपासून मिळते. म्हणून एक जीवाणू कमी झाला की त्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसू शकतो. अशा साखळ्यांचा माग हाताने काढणे अशक्य असल्याने येथे संगणक लागतो. २०१७ साली आतड्यांतील ७७३ जीवाणूंच्या प्रतिमानांचा ‘अगोरा’ नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला. २०२३ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ७,३०२ वाण असून ९८ औषधांवर जीवाणू करीत असलेल्या क्रियांचाही समावेश आहे.

औषधाशी संबंध

आपल्या दृष्टीने हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. हृदयविकारातील डिगॉक्सिन हे औषध एगर्थेला लेंटा नावाचा जीवाणू निष्क्रिय करतो. परंतु त्याच्या सर्वच वाणांत ती क्षमता नसते. त्यासाठी लागणारी जनुके काही वाणांतच असतात, हे २०१३ साली दाखवण्यात आले. म्हणजे अहवालात जीवाणूचे केवळ नाव असेल, तर औषधाचे काय होईल हे त्यावरून ठरत नाही.

आपल्या द्रव्यांचेही तसेच आहे. यष्टिमधूतील ग्लिसिऱ्हायझिन मुख्यतः आतड्यांतील जीवाणूंकडून विघटित होऊन मगच शोषले जाते. हरीतकी व दाडिम यांतील टॅनिनांपासून मिळणाऱ्या इलॅजिक आम्लाचे काही जीवाणू युरोलिथिन नामक संयुगांत रूपांतर करतात. काही व्यक्तींत मात्र ही संयुगे तयारच होत नाहीत. एकाच त्रिफळाचूर्णाचा गुण दोन रुग्णांत भिन्न का दिसतो, याचे हे एक संभाव्य कारण असू शकेल. तसे सिद्ध झालेले नाही. परंतु तपासून पाहण्याजोगा हा प्रश्न खचित आहे. पश्चिम भारतातील ग्रामीण भागातील निरोगी व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या आतड्यांतील जीवाणू यांच्या संबंधाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झालेला आहेच.

मर्यादा

प्रतिमान क्षमता सांगते, प्रत्यक्ष घडलेली क्रिया सांगत नाही. अनेक जनुकांचे कार्य अद्याप अज्ञात आहे. आहाराचे आकडे बहुधा ठरावीक तक्त्यावरून घेतले जातात. ज्वारीची भाकरी, ताक आणि उपवासाचे दिवस त्यात आपोआप येत नाहीत. मलाचा नमुना आंत्राच्या अंतःस्तरावरील स्थिती पूर्णपणे दाखवीत नाही. शेकडा प्रमाणावरून जीवाणूंची एकूण संख्याही कळत नाही.

व्यवहारात काय करावे

१. अहवाल झिडकारू नये. परंतु केवळ त्यावरून औषध बदलू नये. अग्नी, कोष्ठ, प्रकृती व लक्षणे यांचे परीक्षण करूनच निर्णय घ्यावा.

२. रुग्ण डिगॉक्सिनसारखे औषध घेत असल्यास ते अहवालाच्या आधारे कमी करण्यास वा थांबवण्यास सांगू नये. त्याच्या मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करावा.

३. औषधविक्रेत्यांनी ‘संगणकाने सिद्ध’ अशा शब्दांत कोणत्याही कल्पाची भलावण करू नये. अनुमान म्हणजे सिद्धी नव्हे.

४. त्रिफळा, यष्टिमधू यांसारखी द्रव्ये देताना मात्रा, अनुपान, रुग्णाचा आहार व आलेला गुण यांची नोंद ठेवावी.

यांतील चौथी सूचना आम्हांस विशेष मोलाची वाटते. संगणकाच्या अनुमानाची खरी परीक्षा शेवटी रुग्णावरच होते, आणि आपल्या आहाराची व द्रव्यांची व्यवस्थित नोंद आपणच ठेवली नाही, तर ती परीक्षा घेण्यास आवश्यक सामग्री दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाही.