ड्रॉपवर सायकल सोडण्याआधी

विषय काय ठेवायचा असं आयोजकांनी विचारलं, तेव्हा आम्ही घाईघाईत 'जंगलवाटेवरची सायकल' असं मोघम सांगून टाकलं. प्रत्यक्षात बोलायचंय ते एकाच गोष्टीवर. सायकल हवेत गेली, की ती टेकते कुठे? उडी कशी घ्यायची हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण ते ज्या जमिनीवर काढलेले असतात ती जमीन आपल्याकडे नाही. हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला. आमच्यातल्या एकाचं कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात झोळीत गेला, आणि मग आम्ही डोंगराकडे नीट बघायला लागलो.

नाशिकला सायकल नवी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून तर गावात पहाटे सायकलवाले दिसले नाहीत असा रविवार नसेल. पण ती रस्त्याची सायकल. तिथे प्रश्न दमाचा असतो. डोंगरउतारावर सगळा निकाल अर्ध्या सेकंदात लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात तुमचा दम काही कामाचा नसतो.

आता आधी डोंगर बघू. आपला दगड बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. काही थर टणक, मधले काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उताराचे झाले, टणक थर कड्यासारखे उभे राहिले. इंग्रजीत या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द मूळ स्वीडिश 'ट्रापा'वरून आलाय, आणि त्याचा अर्थ जिना! रामशेजकडे किंवा त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीकडे लांबून बघा, जिना स्पष्ट दिसतो. मोठ्या डोंगराचं जे, तेच आपल्या छोट्या पायवाटेचं. वाट उतरते, एक दगडी पायरी येते, कधी वीतभर, कधी कमरेएवढी. खाली थोडी सपाट पट्टी, तिच्यावर सुटा मुरूम, आणि मग पुढची पायरी.

सायकलवाले या पायरीला ड्रॉप म्हणतात. पायरी फुकट मिळाली म्हणून आम्ही पहिल्यांदा खूश झालो होतो. गोम त्या सपाट पट्टीत आहे.

थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. समजा पायरी एक मीटर उंच आहे आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने तिच्यावरून निघालात. खाली पोहोचायला साधारण ०.४५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही अडीच मीटर पुढे गेलेले असता. खाली जमीन सपाट असेल तर धक्का पूर्ण एक मीटर पडल्याचा बसतो. पुढे जायचा वेग कितीही असो, त्याने हा धक्का कमी होत नाही. आता तेवढंच पडणं, तोच वेग, पण जिथे चाकं टेकतात तिथे जमीन पंचवीस अंशांनी पुढे उतरती आहे असं धरा. तुम्ही खाली येताय तिरके, आणि जमीनही त्याच बाजूला पळतेय. जमिनीवर आदळणारा वेगाचा भाग इतका घटतो की धक्का जेमतेम १४-१५ सेंटीमीटरवरून पडल्याइतका राहतो. म्हणजे फूटपाथवरून उतरल्यासारखं. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, पण एवढ्याशा उडीत त्याने फार फरक पडत नाही.

त्या व्हिडिओतली पोरं दोन-दोन मीटरवरून हसत उतरतात त्याचं रहस्य हे आहे. त्यांच्या ट्रेलवर उतरण्याचा उतार माती टाकून, दाबून, मापून बांधलेला असतो. उडीची जागा पाहुण्यांना दिसते, उताराचं काम बांधणाऱ्याला करावं लागतं. आपल्या डोंगराने पायरी दिली, उतार दिला नाही.

कुणी म्हणेल, सस्पेन्शन कशाला असतं? असतं ना. पण साध्या क्रॉस-कंट्री सायकलला पुढे १०० मिलिमीटरच्या आसपास असतं, मागे बहुधा नसतंच. डाउनहिलच्या सायकलला दोन्हीकडे २०० असतं, आणि ती घेऊन चढ चढायचा म्हणजे हमालीच. बाकीचं सस्पेन्शन म्हणजे आपले गुडघे आणि कोपरं.

दुसरी गोष्ट वेगाची. नवशिक्याला वाटतं, भीती वाटली की हळू जावं. पायरीवर नेमकं हेच अंगाशी येतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १.२ मीटर असतं. पुढचं चाक कडेवरून सुटल्यापासून मागचं सुटेपर्यंत ताशी ८ किलोमीटरने अर्धा सेकंद जातो, २० ने पाव सेकंदही नाही. त्या अर्ध्या सेकंदात पुढचं चाक खाली खाली जातं, मागचं अजून वरच, आणि माणूस हँडलवरून पुढे.

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. टोकियो ऑलिंपिकची माउंटन बाइक शर्यत आठवते का, जुलै २०२१, इझूचा ट्रॅक? मातियू फान डर पूल, जगातल्या सर्वांत ताकदीच्या सायकलपटूंपैकी एक. सरावाच्या वेळी एका दगडी ड्रॉपवर फळीचा उतार लावलेला होता. शर्यतीच्या दिवशी तो काढलेला होता. गडी फळी आहे असं धरून आला. पुढचं चाक सरळ खाली गेलं, तो आपटला, आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. ताकद, सायकल, अनुभव सगळं होतं. खाली काय आहे याची माहिती तेवढी जुनी होती.

म्हणून आमच्यात आता एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला चहा पाजावा लागतो. नवी पायरी दिसली की उतरायचं, सायकल आडवी टाकायची आणि चालत खाली जायचं. खालून वर बघायचं, मग वरून खाली. पावसाळा संपल्यावर तर हे हवंच, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत येतं आणि पायरी दिसतच नाही. जूनमध्ये स्वच्छ असलेली वाट ऑक्टोबरात वेगळीच असते. मुरूम वाहून गेलेला असतो, पायरी अर्धा फूट वाढलेली असते.

बघून झालं की दोनच निर्णय. एकतर चाक दगडाला चिकटवून उतरायचं, नाहीतर वेगाने सोडून द्यायचं. मधलं काही नाही. सपाट पट्टीवाली पायरी असेल तर आम्ही चिकटवूनच उतरतो: सीट खाली, दोन्ही पॅडल एका रेषेत, कंबर मागे आणि खाली, कोपरं बाहेर, मागचा ब्रेक हलका, पुढचा जपून. चेनरिंग कडेला घासणार असेल एवढी पायरी उभी असली तर सायकल खांद्यावर. त्यात लाज कसली?

खाली उतार मिळाला तर सोडून द्यायचं. तेव्हा कडेच्या आधी ब्रेक मोकळे, आणि पुढचं चाक सुटताना हँडल छातीपासून पुढे ढकलायचं. ओढायचं नाही. ओढलं की पुढचं चाक वर उसळतं आणि मागचं आधी आपटतं. हवेत असताना नजर टेकायच्या जागेच्या पुढे. आणि मुरमावर टेकताक्षणी ब्रेक दाबायचा नाही. मुरूम म्हणजे छर्रे पसरल्यासारखं. चाक फिरत असेल तोवरच सायकल तुमची.

मग उतार बांधूनच घेऊ की, असं आमच्यातल्या तरुणांनी सुचवलं. कुदळ-फावडं घेऊन निघालेही होते. आम्ही अडवलं. राखीव वनात परवानगीशिवाय जमीन खणणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बोरगड २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्या कातळावर कंदीलपुष्पाची एक जात सापडली, जिचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. कड्यांवर गिधाडं आहेत. दोन फुटांची आपली उडी सोपी व्हावी म्हणून तिथली माती हलवायची? शिवाय त्र्यंबककडच्या पावसात नवी टाकलेली माती एका मोसमात ओढ्यात जाते, आणि तिच्या जागी घळ राहते. ब्रेक दाबून चाक घासत उतरलं तरी तीच घळ पडते, म्हणून ओल्या वाटेवर आम्ही चाकं घालतच नाही.

आमच्या एका मित्राच्या शेतात बांधाला लागून पडीक तुकडा आहे. तिथे त्याच्या परवानगीने आम्ही पायरी आणि उतार दोन्ही बांधले. पायरी वीतभरच होती, उतार मात्र चांगला पाच मीटर लांब. मोजायला टेप आणि सुताराचा कोनमापक. पायरी दर दोन महिन्यांनी एक वीट वाढवतो.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: मुलगा तेरा वर्षांचा आहे, हट्ट करतोय, सुरुवात कुठे करू? ताई, घरासमोरच्या फूटपाथवर. आधी पॅडल एका रेषेत धरून उभं राहून उतरू दे, मग वेगाने, मग दोन्ही चाकं एकदम टेकतील असं. आवाज ऐकायला सांगा. धप-धप असे दोन आवाज आले तर अजून नाही, एकच आला की पुढची पायरी. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याची कवचं आणि बसणारं हेल्मेट. सायकल आहे तीच चालेल.