गंभीरचा पगार तुमच्या तिकिटातून जात नाही

3 डिसेंबर 2025 ला नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर ऋतुराज गायकवाडनं एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं पहिलं शतक केलं. पुण्याच्या पोरानं आपल्या रायपूरला येऊन शतक ठोकलं, याचा इथल्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत केवढा आनंद! पण 358 धावा करूनही भारत दक्षिण आफ्रिकेकडून हरला आणि दुसऱ्या दिवसापासून भारताचा मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीरबद्दल एकच वाक्य कानावर येऊ लागलं: "हजारो रुपये मोजून तिकिटं आम्ही काढायची, आणि त्या पैशावर गंभीरनं कोट्यवधींचा पगार घ्यायचा!"

हे वाक्य मी 2023 मध्ये रायपूरला झालेल्या दोन्ही सामन्यांनंतरही ऐकलं होतं, तेव्हा नाव आधीचा प्रशिक्षक राहुल द्रविडचं होतं. शिकलेली, हिशेबाची माणसंही तेच बोलतात. म्हणून हिशेबच मांडू.

भारतात होणाऱ्या दोन देशांच्या मालिकेत तिकिटांचा गल्ला यजमान राज्य संघटनेकडे राहतो. रायपूरच्या सामन्याचा गल्ला छत्तीसगड स्टेट क्रिकेट संघाचा. राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचं मानधन मात्र भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, म्हणजे बीसीसीआय, देतं. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या तिजोऱ्या. तुमची नोट गंभीरपर्यंत पोचतच नाही.

मग मंडळाकडे पैसा येतो कुठून? मुख्यतः प्रक्षेपणाच्या हक्कांतून. ऑगस्ट 2023 मध्ये मायदेशातल्या 88 सामन्यांचे पाच वर्षांचे हक्क वायकॉम 18 या कंपनीनं 5,963 कोटींना घेतले. भागाकार करून पाहा: एका सामन्याला जवळजवळ 68 कोटी. आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क तर 48,390 कोटींना गेले. आता तिकिटं घ्या. समजा 50 हजार तिकिटं सरासरी दोन हजारांना खपली, तर जमले 10 कोटी. 500 रुपयांवरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे. तो याच रकमेतून वजा केला की साडेआठ कोटीही उरत नाहीत. त्यातून व्यवस्थेचा खर्च वेगळा.

प्रशिक्षकाच्या मानधनाचा आकडाही पूर्वी उघड झालेला आहे. मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीनंतर मंडळ 25 लाखांवरची देयकं आपल्या संकेतस्थळावर टाकू लागलं. त्यात ऑक्टोबर 2017 ते जानेवारी 2018 या तीन महिन्यांसाठी तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्रींना सुमारे 1 कोटी 20 लाख दिल्याची नोंद होती. रक्कम मोठीच आहे. पण घरी बसून टीव्हीवर सामना पाहणारा माणूस या पगाराला मैदानातल्या माणसापेक्षा जास्त हातभार लावतो. ही गोष्ट लोकांना का पटत नाही, मला खरंच कळत नाही.

अमेरिकेत राहणारे भाचे-पुतणे यावर तिथल्या विद्यापीठांच्या फुटबॉलचा दाखला देतात: तिथे मैदानं भरतात, म्हणून प्रशिक्षक श्रीमंत. मैदानं भरतात हे खरं. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजार माणसं बसतात. जॉर्जिया विद्यापीठाचा प्रशिक्षक कर्बी स्मार्टचं वार्षिक मानधन 1 कोटी 30 लाख डॉलरच्या घरात गेलं, हेही खरं. पण तिथेही तिकिटांच्या जोडीला टीव्हीचे करार आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या असतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर 2023 मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशरला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं लागलं. हरणाऱ्या प्रशिक्षकाची भरपाई तिथेही नुसत्या गल्ल्यावर अवलंबून नसते.

आणखी दोन समज. "मंडळ आपल्या करांवर चालतं." नाही, ते सरकारी अनुदान घेत नाही. "मैदान भरलं म्हणजे सगळी तिकिटं विकली गेली." तेही नाही, मानाचे पास असतातच. त्यांच्याच वादातून ऑक्टोबर 2018 चा वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना इंदूरहून विशाखापट्टणमला हलवला गेला.

करांचा प्रश्न विचारायचाच असेल तर रायपूरच्या मैदानाबद्दल विचारा. ते राज्य सरकारनं बांधलं आहे. 1 डिसेंबर 2023 ला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी देशभर बातमी झळकली: या मैदानाचं 3 कोटी 16 लाखांचं वीजबिल थकलेलं, कायमची जोडणी 2018 मध्येच तोडलेली, आणि प्रकाशझोतांसाठी जनरेटर. बांधकाम खातं आणि क्रीडा खातं एकमेकांकडे बोट दाखवत होती. संतापायचं तर यावर संतापा.

छत्तीसगडला बीसीसीआयचं पूर्ण सदस्यत्व 2016 मध्ये मिळालं आणि त्याच मोसमात आपला संघ रणजी खेळू लागला. तिकिटाचा पैसा राज्य संघटनेकडे राहतो, तर जाबही तिलाच विचारायला हवा. पुढच्या सामन्याचं तिकीट काढाल तेव्हा गंभीरचा पगार सोडा. संघटनेला एवढंच विचारा: गल्ला किती जमला, आणि त्यातले किती रुपये जगदलपूर, अंबिकापूर, बिलासपूरच्या पोरांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या हातात पडले?