भातसेचं पाणी आणि मुंबईची टाकी

सापगावच्या पुलाखालून वाहणारं भातसेचं पाणी पुढे पिसे बंधाऱ्यावर उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईतल्या इमारतींच्या गच्चीवर टाक्यांत पोचतं. टाकीचं झाकण उघडं राहिलं, की त्याच निवळ पाण्यात मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी या डासाची मादी अंडी घालते. मलेरिया गटारातून येतो ही समजूत सोडायला हवी. या मादीला स्वच्छ पाणी हवं असतं. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा ती शहरातल्या विहिरींत वाढत होती. आता टाक्या आहेत, बांधकामावरचे हौद आहेत.

शहापूर-मुरबाडकडून बांधकामावर राहायला जाणारा माणूस रान मागे सोडतो, पण डास नव्हे.

मादी रात्री चावते. तिच्या लाळेतून मलेरियाचे मूठभर परजीवी अंगात उतरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात. तिथे आठवडाभर कसलंही लक्षण न दाखवता एकेकाचे हजारो होऊन रक्तात उतरतात. थंडीताप भरतो तो चावल्यापासून साधारण दहा-पंधरा दिवसांनी, म्हणजे बहुधा माणूस घरी परतल्यावर! मग गावातली मादी त्याचं रक्त पिते. तिच्या पोटात रक्त थोडं गार पडतं, आणि अशा खुणांवरून परजीवी ओळखतो की आपण आता माणसात नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या नर पेशीतून शेपट्या वळवळत बाहेर पडतात, फलन होतं. डासाच्या जठराच्या भिंतीवरचा हा पुढचा टप्पा रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिला.

मला सर्वांत थक्क करतं ते यापुढचं. परजीवी डासात पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि बहुतेक माद्या तितके दिवस जगतच नाहीत. सगळा रोग म्हाताऱ्या डासांवर उभा आहे. म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी झोपलेल्याला तर राखतेच, पण तिच्यावर टेकलेली मादीही मरते. त्या मुक्कामावरच्या सगळ्यांचं भलं होतं. कामावर जाताना अंथरुणासोबत ती न्यावीच.

गडचिरोलीसारख्या जास्त मलेरियाच्या भागात जाताना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात (गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नव्हे). ती दोन दिवस आधीपासून रोज घ्यायची आणि परतल्यावरही चार आठवडे, कारण यकृतातून उशिरा निघणाऱ्यांना ती रक्तात गाठते. व्हायवॅक्स जातीचे परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं, तेही डॉक्टरांनी तपासून दिलेलं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी चौदा दिवसांच्या गोळ्या संपवायच्या.

आणि ताप आल्यावर आशाताई बोटातून रक्त घेतील, तेव्हा गेल्या वर्षभरात कुठे कुठे मुक्काम केला तेही त्यांना सांगावं.